मी थोडा ओला, थोडा सुका

खरं तर सतार ऐकायला गेलो होतो.
खैरनारांनी पास दिलेला, मागच्या रांगेचा,
आणि सतारवाले चंदनापुरी घाटात अडकलेले.
मंडपातली माणसं चहाकडे वळली.
मीही उठलो असतो, पण गुडघा.

तेव्हा वेळ भरून काढायला म्हणून
दोघं आली स्टेजवर:
तांबे आणि पितळे.
आडनावं खरीच आहेत, बाई म्हणाली,
भांडीबाजारात कुणी हसत नाही,
इथं बघू.

ती ठेंगणी, अंगात शाळेच्या शिपायाचा असतो तसला खाकी स्वेटर.
तो उंच, पेटीमागं घडी घालून ठेवल्यासारखा.
पेटीची एक पांढरी पट्टी नव्हतीच,
पुढचा दात पडावा तशी.

आणि त्यांनी भूपाळी धरली. घंटागाडीची.
गंभीर. डोळे मिटून.
ओला वेगळा, सुका वेगळा, देवा,
मी थोडा ओला, थोडा सुका,
मला कुठल्या डब्यात टाकतोस?

‘टाकतोस’वर त्याचं बोट नसलेल्या पट्टीवर जायचं,
सूर यायचा नाही,
आणि ती गाणं थांबवून
त्या भोकात वाकून बघायची,
विहिरीत बादली पडल्यासारखी.

मी हसलो. मोठ्यानं.
पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या.

सांगायला हवं: बत्तीस वर्षं मी
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चुका शोधल्या.
कोऱ्या नोटांचे ताव डोळ्यांखालून जायचे,
कुठं शाई फुटली, कुठं आकडा सरकला,
कुठं केसाएवढी रेघ.
दिसली की खूण. खूण झाली की ती नोट मेली.
घरीही तेच. आमटीत, पोराच्या प्रगतिपुस्तकात,
हिच्या बोलण्यात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
खैरनारांना न सांगता, रिक्षा करून.
आता त्यांना मागच्या छोट्या मंडपात टाकलेलं,
शेजारी रांगोळ्यांची स्पर्धा, मधे नुसती कनात.
तीच भूपाळी. तेच भोक.
वाकून बघण्याचा वेळही तोच, मी मनात मोजला.
म्हणजे ही चूक छापलेली होती,
एकाच प्लेटवरून, रोज.
फसवल्यासारखं वाटलं जरा.
मग वाटलं, इतकी बिनचूक चूक
अख्ख्या सेवेत पाहिली नाही आपण.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या,
बाईंना मधेच उचकी लागली.
थांबेना.
पितळे सूर धरून वाट बघत राहिला,
मग त्यानं उचकीच धरली.
ती समेच्या आधी यायची, नाहीतर नंतर,
आणि तो तिहाई घेऊन तिच्या मागं धावतोय
सुटलेल्या बसमागं धावावं तसा,
तिला हसू, हसण्यात उचकी,
शब्दांचा पत्ता नाही, देवाचा नाही, डब्यांचा नाही.
एकवीस माणसं होती. मोजली. सवय.

मला खरं-खोटं ओळखता येतं, तेवढं एकच येतं.
ही खरी होती.
माझा उजवा हात, खूण करणारा,
मांडीवरून उठला
आणि कुठं जावं ते त्याला कळेना.

नंतर ती दोघं पेटी खोक्यात भरत होती.
विचारलं, पट्टी कधी गेली?
गेली कुठं, पितळे म्हणाला,
आणि शर्टाच्या खिशातून काढून दाखवली,
रुमालात गुंडाळलेली.
घरी रियाजाला लावतो.
आणि काका, उचकी कशी वाटली? तांबेबाई.
म्हटलं, पुढच्या वेळी पण त्याच जागी आली
तर पैसे परत मागेन.
ती हसली आणि पुन्हा लागली तिला.

रात्री घरी आमटीत मीठ जास्त होतं.
चांगलंच जास्त.
दोन वाट्या घेतल्या, काही बोललो नाही.
हिनं पानावरून उठून
माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.