उभ्या गाडीचं इंजिन

सलमाबादच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे
आमचं गॅरेज. ऑगस्ट महिना.
स्टँडवर तीन इंजिनं, आणि मधे ती,
चौसष्ट सालची, दोन सीटची, बिनछपराची,
बॉनेट वर, आत नुसती पोकळी,
दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसल्यासारखी.

पहिलं इंजिन तिचं स्वतःचं. अठराशे सीसी, चार सिलिंडर.
ब्लॉकला तडा, केसाएवढाच,
पण पाणी केसातूनच जातं.
दुसरं जपानी, इंजेक्शनचं, शहाणं,
त्याच्याशी बोलायला लॅपटॉप लागतो.
तिसरं व्ही-आठ.
कुंजुमोन त्याला रोज सकाळी फडक्यानं पुसतो.
पेंटर माणूस, त्याचा काही संबंध नाही,
तरी पुसतो.

मी व्ही-आठच्या बाजूचा, सरळ सांगतो.
नाहीतर मग त्याच चार सिलिंडरवर
आडवे दोन वेबर, तोंड वासलेले.
उद्यमनगरात दादोबा मिस्त्रीच्या हाताखाली
जेटमध्ये तार घातली म्हणून
थोबाडीत खाल्लेलं पोरगं मी.
(“भोक वाढलं की गाडी पेट्रोल पीत नाही रे,
मालकाचं घर पिते.”)
त्या पोराला वेबर म्हणजे काय
हे इथं कुणाला सांगू?

हाजी खलफ गुरुवारी आले, कडकचा थर्मास घेऊन.
कस्टममधून निवृत्त. हिंदी त्यांचं माझ्यापेक्षा जुनं.
मी कागद वाचला: हॉर्सपॉवर, टॉर्क, दिनार.
त्यांनी तीन कप भरले, कुंजुमोनला हाक मारली,
आणि विचारलं,
“यातलं कुठलं इंजिन उभं चांगलं राहतं?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
माझा डावा कान फाउंड्रीतच राहिलाय.

“दोन्ही गुडघे स्टीलचे,” ते म्हणाले,
“क्लच दबत नाही.
शुक्रवारी सकाळी अंगणात सुरू करायची,
शेजारी खुर्ची टाकायची.
तिनं ओरडू नये.
मुकीही राहू नये.”

चाळीस वर्षं मी इंजिनाला एकच विचारत आलो,
किती पळशील?

मग ब्लॉकला टाके घातले, थंडे, सतरा.
वेबरची पेटी परत बांधली.
तिचे मूळचे दोन एसयू काढले, घासलेटात धुतले.
साधी वस्तू: आत एक पिस्टन,
इंजिन श्वास घेईल तेवढाच वर उचलला जाणारा,
त्याला एक निमुळती सुई,
आणि वर चमचाभर तेल, घाई होऊ नये म्हणून.

पण या मुलखात पळणं सोपं, उभं राहणं अवघड.
पळताना वारा लागतो.
उभ्या गाडीत बाऊलमधलं पेट्रोल उकळतं,
पाइपात वाफ अडकते, आणि गाडी
काही न बोलता बंद पडते.
बेकेलाइटचे जाड तुकडे मधे घातले,
पत्र्याचा आडोसा केला,
सुई एक नंबर बारीक.
मला इथं तेवीस वर्षं झाली.

उरलं जुळवणं.
रबरी नळीचं एक टोक उजव्या कानात,
दुसरं या तोंडाशी, मग त्या तोंडाशी.
सूंऽऽ. सूंऽ.
दोन जावा जशा:
एकीचा स्क्रू फिरवला की दुसरीचं बिनसतं.
दुपार गेली. कुंजुमोननं कुलर माझ्याकडे वळवला,
मी परत फिरवायला लावला, आवाज नको होता.
असरच्या बांगेच्या आधी
दोन्हींचा सूर एक झाला.

व्ही-आठ रिफाच्या एका पोरानं नेलं.
त्या दिवशी कुंजुमोन जेवला नाही.

शुक्रवारी मी गेलो, बोलावलं नव्हतं.
अंगणात खुर्च्या दोन होत्या.
गाडी साडेसातशेवर पुटपुटत होती.
हाजींनी नळी मागितली, कानाला लावली,
बराच वेळ काढलीच नाही.

“थंडीत सुई बदलावी लागेल,” मी म्हणालो.
“तेव्हा तू आहेस ना?”

मी टेंपरेचरचा काटा बघितला.
मधोमध होता. हलत नव्हता.