लोह उतरवताना

काब्रासच्या आमच्या घराच्या पाठभिंतीवर
फवारणीवाल्यांनी लिहिलेली तारीख अजून दिसते, पुसट.
त्या साली खाजणातले डास मेले.
पण हिवतापाला चकवायला
रक्तानं पिढ्यान्पिढ्या जी युक्ती शिकून ठेवली होती
ती कोण फवारून घालवणार?
आईत ती थोडी होती, बाबांत थोडी.
दोघंही धडधाकट.
अन्तीओकात दोन्हीकडून आली.

दर तिसऱ्या सोमवारी ओरिस्तानोला, परक्याची पिशवी.
देणाऱ्याचं नाव नसायचं, मग तीच ठेवायची.
आज खाटीक.
आज मास्तरीण, बघ, हात खडूसारखे पडलेत.
आज नक्की बेकरीवाला, दुपारीच झोप येतेय.
आणि रात्री पोटाला सुई, साठलेलं लोह काढायला.
उशाशी पंप, रातकिड्यासारखा.
मी त्याच आवाजात झोपायला शिकलो.

मी लुसोरियो. सात वर्षांचा. मी जुळलो.
बाबा जाळी टाकून धावत आले, हाताला बोय माशाचे खवले,
म्हणाले, हाडातला मगज देशील बहिणीला?
मी म्हटलं, सायकल.
लाल.
गियरची.

कालियारीत काचेपलीकडे तिचे केस गेले, भुवया गेल्या.
माझी कंबर दुखत होती, आणि त्याचा मला गर्व होता.
काचेतून फोनवर म्हणाली,
आज कोण आलंय सांगू? एक लोभी.
मग सतरा दिवस ती काही बोलली नाही.
फळ्यावर पांढऱ्या पेशी: शून्य.
शून्य.
आई त्या शून्याकडे असं बघायची
जसं दुधाकडे बघतात, उतू जाईल म्हणून.
अठराव्या दिवशी, दोनशे.

पुढच्या ईस्टरला तिनं तिसऱ्या खाल्ल्या,
जन्मभर खात आली तशा, बोटं चाटत,
आणि तिचे ओठ सुजले. अंगभर गांधी.
तिसऱ्या मला चालत नाहीत. तिला चालायच्या.
टेबल गप्प.
मग बाबा हसायला लागले,
हसता हसता उठून परसात गेले,
बराच वेळ आले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बसवून सांगितलं:
रक्त आता भावाचं आहे, पण बीज तुझंच राहील.
राहिलं असेल तर.
हे तिनं मला वीस वर्षांनी सांगितलं, गाबोळी वाळत घालताना,
मीठ चोळायचं न थांबवता.

पण त्या साली मी नऊ वर्षांचा होतो
आणि पंधरवड्याला उलटंच सुरू झालं होतं:
तिच्या हातातून रक्त काढायचं, टाकून द्यायचं.
खाटीक, मास्तरीण, बेकरीवाला, सगळेच
आपापलं लोखंड तिच्या काळजात ठेवून गेले होते.
नळी पहिल्यांदाच बाहेरच्या दिशेनं वाहत होती.
ती टक लावून बघत होती, जशी भरती ओसरताना बघतात.

कुणाचं चाललंय गं?
सगळ्यांचं.
माझंही?
तुझं जाऊ दे, ते पुन्हा भरतं.
नर्सनं पिशवी पिवळ्या डब्यात टाकली.
कोपरावर कापूस दाबत अन्तीओका उठली, म्हणाली,
सायकल आता अर्धी माझी.

मी म्हटलं, मागची अर्धी.