सदतीस नंबरचे बूट

कुलेनी रेडिओवर बोलली तो गुरुवार होता,
बाजाराचा दिवस.
असेलाच्या चढावर माझं दुकान. दुकान कसलं,
निलगिरीच्या चार काठ्या, एक पत्रा
आणि दोरीला टांगलेले धावायचे जुने बूट.
मी तळ शिवते. तेवीस वर्षं तेच.

"आता मी घरी असते," कुलेनी म्हणाली,
"नवऱ्यासाठी कॉफी भाजते, आणि सुखात आहे."
बस.
पुढे कोणीतरी साबणाची जाहिरात लावली.

एवढंसं वाक्य,
पण गाढवगाड्यांच्या आधी गावभर पोचलं.
जवाच्या पोत्यांवर बसलेले बाप एकमेकांकडे बघून हसले.
गुडघ्यांना पट्ट्या बांधून पोरी टेकडी चढत होत्या,
इकडे बापांनी त्यांच्या वतीनं
गुडघ्याला बाशिंगं बांधली.

हेच बाप, बरं का.
कुलेनीनं परदेशात पदक मारून
आईला दुमजली घर बांधलं, तेव्हा
यांनीच पोरींच्या डोक्यावरच्या घागरी उतरवल्या होत्या:
जा, पळ.
तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं
की बाई, तुझ्या पायांवर
आम्ही आमच्या किती पोरी लावू?

त्या आठवड्यात चार जोड विकायला आले.
चौथा सोरेतीचा.
सदतीस नंबर, डाव्या टाचेला माझाच टाका.
भाऊ घेऊन आला, ती नाही.
शाली पांघरलेले म्हातारे येऊन मागणी घालून गेले होते,
गाई ठरल्या होत्या.
मुलगा गिरणीत हिशोब लिहितो.
चांगला आहे, मी ओळखते त्याला.
वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलू?
एका गाणारणीनं नवरा सोडला
तेव्हा मी वीस वर्षांची होते. मीही सोडला.
तिच्याकडे गळा होता,
माझ्याकडे आरी आणि मेणाचा दोरा.
पस्तावले असं नाही.
पण रात्री दोरा ओढताना वाटतं,
तिला ठाऊकही नाही
की तिच्या मागून एक घर आम्हीही मोडलं.

पाऊस सरल्यावर कुलेनी माहेरी आली.
काळ्या काचांची गाडी वळणावर थांबवून
तुटका सँडल हातात घेऊन, लंगडत, माझ्याकडे.
स्टुलावर बसली. अनवाणी पाय माझ्या पोत्यावर.

पळणाऱ्या बाईची नखं काळी असतात.
सोडलं की वर्षभरात गुलाबी होतात, तान्ह्या पोरासारखी.
तिची नऊ गुलाबी होती.
उजव्या अंगठ्याचं काळं. ताजं.
आतलं रक्त अजून सुकायचं होतं.

मी वर बघितलं. तिनं पाय ओढून घेतला.
"दगडावर ठेचाळले."
मी म्हटलं, "हो, आमच्याकडे दगड फार."
तिनं पैसे जास्त दिले.
मी सुटे परत केले नाहीत.

हे काही रेडिओवर येणार नाही.
मीही कोणाकडे बोलले नाही.
एका बाईच्या अंगठ्यावर
आता आणखी किती जणींचा भार घालायचा?

फक्त सदतीस नंबरची किंमत वाढवली.
आधी दुप्पट, मग शेळीएवढी.
गिऱ्हाईक हात लावतं, शिवी घालतं, जातं.

काल सोरेती आली. लग्नाला चार महिने झाले.
पाठीवर गाठोडं, भुवयांवर गिरणीचं पीठ.
"कितीला?"
सांगितलं.
"लुटतेस," म्हणाली, हसली, गेली.

आज परत आली.
गाठोडं न उतरवता म्हणाली,
"शेवटचे किती?"