ळ लिहिताना

पहिल्यांदा कळलं ते फळ्यावर.
सातवी ब, तिसरा तास.
‘खे’ नीट उतरला,
‘ळ’चं दुसरं वेटोळं वळवताना
करंगळीच्या बाजूला, हाडाच्या त्या उंचवट्याखाली
कुणीतरी चावी फिरवली.
खडू पडला. मुलं हसली.
म्हटलं, हसा, आणि उरलेला अर्धा ळ
तुमच्यापैकी कुणीतरी येऊन पुरा करा.

पहिल्यांदा, हे तसं खोटंच.
नेरूळच्या कोर्टवर महिनाभर आधीपासून
बॅकहँडला हीच कळ यायची.
पण समोर प्रमिला नाडर, वय एकसष्ट,
स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत देत
जाळीला लागून अलगद चेंडू टाकणारी.
तिच्यासमोर हात झटकायचा नसतो.
मी लेस बांधायला वाकायचे,
लेस सुटलेली नसताना.

वाशीला, सेक्टर सतरात,
कुबड्या आणि कमोड-खुर्च्या यांच्यामधल्या स्टुलावर बसवून
नेणसीभाईंनी टेपने मनगट मोजलं.
साडेसहा.
आमच्या गावचा कासार टेप लावत नसे.
पंजा दाबून बघायचा, म्हणायचा, सव्वादोन,
आणि ते सव्वादोनच निघायचं.
हिरव्या काचेखेरीज या मनगटाला
कशाचं माप लागेल
असं त्याला वाटलं नसावं. मलाही नाही.

काउंटरवर तीन मांडले त्यांनी.
“हा टॉवेलचा. घाम पुसतो, दुखणं पुसत नाही.
हा अंगठ्यात अडकवायचा, खेळताना.
बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सैल करायचा.
आणि ह्यात पट्टी आहे, ॲल्युमिनियमची. हा झोपताना.
हा घालून खेळाल, तर मनगट सुटेल
आणि दंड कोपर भरेल.”
रंग? काळा, नाहीतर स्किन.
स्किन कुणाची, ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं,
माझी तर नक्कीच नव्हती.
काळा घेतला, आणि तो पट्टीवालाही.

आठवडाभर बरं वाटलं. मग पुन्हा चावी.

करावे गावात रेवा तांडेल.
खोली लहान, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र,
खिडकीत वडलांचं जाळं वाळत घातलेलं.
हात उलटा केला, सुलटा केला,
एका जागी दाबलं, मी स्टुलावरून उठलेच.
“पट्टा ठीक आहे,” म्हणाली, “पण आमच्याकडे
हात दुखला की आधी वल्हं बघतात.
रॅकेट आणलीय?”

आणली होती. तिने मूठ धरायला लावली,
तळवा आणि बोटांच्या टोकांमधल्या फटीत
स्वतःची करंगळी घालायला गेली.
फट नव्हतीच.
“ही तुमची नाही.”

नाही. शाल्मलीची.
चौदाव्या वर्षी तिने ही कपाटावर ठेवली,
म्हणाली, आई, आता दहावी.
दहावी झाली, बारावी झाली, बंगळुरू झालं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी स्टूल घेऊन
मीच ती खाली काढली.
बारीक मूठ निसटू नये म्हणून
आठ वर्षं जास्तच आवळून धरत होते,
आणि बिल मनगटाकडे जात होतं.

“सव्वाचार हवी तुम्हाला, ही चारची आहे.
नवी घ्या, नाहीतर वर टेप चढवा.
पण आधी तीन आठवडे खेळ बंद.
बर्फ. नंतर टॉवेल पिळायचा, हळूहळू, कोरडाच.”

तीन आठवडे मी डाव्या हाताने ळ काढले.
मुलांना ते फार आवडले.

मग एका रविवारी जुनी टेप सोलली.
काळी, चिकट, आंबूस वासाची.
खालच्या मऊ थरात चार खळगे होते, ओळीने.
माझी बोटं लावून पाहिली,
कुठेच बसली नाहीत.
थोडा वेळ नुसतीच बसले.
मग वरून नवी गुंडाळली, ताण देत, तिरकी,
एक थर, दुसरा.
खळगे बुजले. अजून सव्वाचार नाही झाली,
साडेचारला एक अष्टमांश कमी, की दोन,
असले अपूर्णांक मला कधीच जमले नाहीत.

सोमवारी कोर्टवर प्रमिलाने पट्टा पाहिला,
मग माझे बूट पाहिले.
“म्हणजे लेस नव्हती तर,” म्हणाली,
आणि पहिलाच चेंडू
माझ्या बॅकहँडला टाकला.