मोरजी, ओहोटीची वेळ

शापोरा जिथे समुद्राला मिळते
त्या वाळूच्या जिभेवर
मी कोपरांवर पालथी.
लेन्सवर मिठाची पातळ साय.

समोर कुरव, सगळे वाऱ्याकडे तोंड करून,
कानामागे काजळाचा एकेक ठिपका.
मार्चपर्यंत डोकी तपकिरी होतील,
मग जातील.
सुरय मात्र नीट बसतच नाहीत:
एक उठला की दोनशे उठतात,
आणि माझ्या चौकटीत उरते
नुसती हललेली पांढरी रेघ.

रुझार होडीच्या सावलीत जाळं विणत होता.
"कितले काडले?"
मी कॅमेरा पुढे केला.
त्याने बोटं लुंगीला पुसली,
एका पायावर उभा असलेला कुरव
मोठा करून पाहिला,
अजून मोठा.
दुसरा पाय पोटाशी दुमडलेला नव्हता,
हिरव्या तंगुसात आवळून सुकला होता.

"पाचवें सूत," तो म्हणाला
आणि मांडीकडे बघत राहिला.
बराच वेळ सुई चालली नाही.

दुसऱ्या पहाटे, धुकं असतानाच,
भरतीच्या रेषेवर कुणी वाकून चाललेलं.
शिंपले वेचतंय, मला वाटलं.
लेन्स फिरवली:
रुझार.
सदऱ्याचा खिसा हिरवा,
फुगलेला.