कडूची ओळख

पस्तीस उन्हाळे मी कूलर दुरुस्त केले.
गोळीबार चौकातून आधी सायकल, मग लुना,
मागे वाळ्याच्या ताट्या, हँडलला पंपांची पिशवी.
रात्री दुकानामागे आम्ही तिघं,
स्ट्राँगची बाटली बर्फाच्या घमेल्यात पुरलेली,
दात बधिर होतील इतकी गार,
म्हणजे जिभेला काही कळायच्या आत
काम झालेलं असायचं.
चव शेवेला असते, कांद्याला असते.
हिलाही असते, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मे महिन्यात वर्धा रोडवरून फोन.
चिलर बसलं, कंपनीचा माणूस पुण्याहून उद्या येणार,
टाक्या तापून राहिल्या, तोवर काही करा न भाऊ.
गेलो. स्टीलच्या चार टाक्या, चकचकीत पोटांच्या,
आणि एकीला हात लावून उभी
रेवती चिंचमलातपुरे,
बाळंतिणीजवळ उभं राहावं तशी.
"ताप आहे हिला," म्हणाली.
काटा पाहिला. सव्वीस.
बाहेर सेहेचाळीस.
म्हटलं, बाई, सव्वीसला तर नागपुरात
माणूस स्वेटर शोधतो.

पोती भिजवली, टाक्यांना गुंडाळली,
दोन बाजूंना दोन कूलर लावले,
दर अर्ध्या तासाला पाणी.
दोन वाजता काटा एकवीसवर आला
तेव्हा तिने ग्लास दिला. गढूळ. फार गारही नाही.
म्हटलं, बर्फ?
म्हणाली, नको, लपून जाते.

पहिला घोट कडू.
कारल्याचा नाही, काढ्याचा नाही.
संत्र्याची साल दुमडून
शाळेत एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो,
तो फवारा चुकून जिभेवर यावा, तसा.
"खराब झाली तुमची," मी म्हटलं.
ती हसली. भाजलेले जव ठेवले हातावर,
ढेपेसारख्या हिरव्या गोळ्या चुरडून नाकाशी धरल्या:
"आता प्या."
आता भाकरीचा करपलेला पापुद्रा आला,
त्यामागून ती साल, त्यामागून काहीतरी
ज्याला मला नावच नव्हतं.
चौथ्या घोटाला मी ग्लास खाली ठेवला,
आवडली नाही म्हणून नाही.
संपू नये म्हणून.

मग वाट वाकडी करून जायला लागलो.
डक्ट पाहून येतो म्हणायचो. डक्टला काही झालेलं नसायचं.
गवळी उरलेला चोथा म्हशींसाठी न्यायला यायचा,
तोही कधी कधी ग्लास घेऊन बसायचा, काही न बोलता.
दुकानामागे परसराम म्हणाला,
"काहून बे, कोमट पिऊन राहिला?"
त्याला सांगायला गेलो तर शब्द संपले.
तर्री खातानाही मी थांबायला लागलो होतो,
आधी लवंग येते की आधी धूर, ते पाहायला.

एकदा मीच म्हटलं, वाळा टाकून पाहता का?
तिने एका छोट्या कॅनमध्ये टाकला.
माझ्याच ताटीतला नव्हे, बाजारातून नवा, धुतलेला.
तीन आठवडे मी पोरगा परीक्षेला बसल्यासारखा.
उघडला.
सगळे एकमेकांकडे पाहत राहिले.
मग तिनेच सांगून टाकलं:
"भाऊ, हा कूलर आहे."
होताच. ओली ताटी, पत्र्याचा गंज,
तळाशी राहिलेलं पाणी.
वीस लिटर मोरीत गेले.
एक बाटली मी मागून घेतली.

डिसेंबरात, पारा आठवर,
कुंदा शेकोटीला हात धरून बसली होती.
बाटली उघडली.
बेकारच होती. अर्धी संपली तरी बेकारच.
मी ओतत होतो, थांबत होतो, परत ओतत होतो.
कुंदाने वळूनही पाहिलं नाही.
नाकाने हवा ओढली फक्त,
आणि सवयीने म्हणाली,
"टाकीत पाणी टाकलं का?"