आठ नंबरची जाळी

या टेकडीवर पाऊस पडत नाही.
माझ्या सदतीस वर्षांत दोनदा पडला,
तोही असा, की पत्र्यावर कुणी मूठभर साखर सांडावी.
खाली लिमा शहर, शहरापलीकडे समुद्र,
आणि जून लागला की समुद्रच उठून वर येतो
धुकं होऊन, चपला हातात घेऊन,
उशिरा घरी परतणाऱ्या माणसासारखा.

आई आयाकूचोकडची. तिच्या डोंगरात
देव ढगांतून ओरडायचा, गारांनी मका झोडपायचा,
वीज टाकून कळपातली एखादी मेंढी न्यायचा.
त्याचा धाक होता, म्हणजे त्याचा पत्ता होता.
इथे आली आणि म्हणाली,
"हा मुका झालाय. का मीच बहिरी?"

पाणी टँकरचं, निळ्या पिंपात.
पिंपाला रोख पैसे. नसले, तर टँकर
हॉर्न न वाजवता पुढे.
एका बादलीत पाच जणांची तोंडं, मग भांडी, मग फरशी,
मग जे उरेल ते दारातल्या जिरेनियमला.
मला वाटायचं, देवही आमच्या वाट्याला
असाच येत असणार,
चार घरं फिरून, गढूळ होऊन,
तरी फेकून देता न येणारा.

मग वरच्या कड्यावर जाळ्या लागल्या.
दोन खांब, मध्ये हिरवी प्लॅस्टिकची जाळी,
रोपांवर सावलीला टाकतात तसली,
खाली उभा चिरलेला पाइप, पाइपच्या तोंडाशी टाकी.
तेओदुला काकू कंबरेवर हात ठेवून हसली,
"वाऱ्याला पाझर फोडणार का गं तुम्ही?"

आठ नंबरची माझ्याकडे.
पहाटे चारला टॉर्च घेऊन जाते.
उसवलेलं शिवते. कोपऱ्यातलं कोळिष्टक काढत नाही,
तिचा धंदा आणि माझा धंदा एकच.
समोर काही दिसत नाही, स्वतःचा हातही कोपरापर्यंतच.
काही पडत नाही, काही वाहत नाही,
फक्त एक गार श्वास जाळीतून आरपार जातो
आणि जाता जाता
धाग्यावर एक मणी ठेवून जातो.
मणी फुगतो. शेजारच्याला शिवतो. घरंगळतो.
टप्.

मग बराच वेळ काहीच नाही.

टप्.

जिथे भोक पडलंय तिथून जे गेलं
ते गेलंच. धुकं म्हणून आलं, धुकं म्हणून गेलं.
त्याला थांबायची हौस होती,
अडवायला तिथे दोरा नव्हता, एवढंच.
मी पदरमोड करून नायलॉनचं रीळ आणते.

आईला एकदा वर नेलं,
गुडघे धरत, सात ठिकाणी बसत.
तिने पाइपला कान लावला, रेडिओला लावते तसा.
"हळू बोलतो," म्हणाली, "म्हातारा झाला असेल."
मग शाल नीट केली, बटाट्याचा भाव विचारला,
आणि उतरताना अर्ध्या वाटेत, माझ्याकडे न बघता,
"नाही गं. जवळ आलाय.
जवळच्याशी कोण ओरडून बोलतं?"

मला इतकं पटकन पटत नाही.
जानेवारीत जाळी खडखडीत असते,
टाकीच्या तळाला मेलेले किडे,
आणि पुन्हा टँकरवाल्या एव्हारिस्तोची मनधरणी.
या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो, उकळल्याशिवाय पिता येत नाही.
रुफिनो रात्री टाकीतून दोन बादल्या चोरतो, मला माहीत आहे;
त्याच्याही बादलीत ते तेवढंच स्वच्छ.
याचा मला राग येतो. अजून येतो.

समितीने वही दिली आहे. तारीख, वारा, लिटर.
आज एकतीस.
"कुणाकडून" असा रकाना नाही,
म्हणून समासात मी रोज एक टिंब काढते,
पेन्सिलीने, अगदी बारीक,
आणि खाली येऊन बटाटे चढवते.
झाकणाच्या आतल्या बाजूला
वाफ धरते, थेंब होतो,
परत भांड्यात.